कलौंजी, म्हणजे आपलं उळं

वडील हकिमाच्या दुकानात किती वेळ बसतात, हे मी एकदा घड्याळ लावून मोजलं होतं. एक तास चाळीस मिनिटं. त्या आठवड्यात माझ्याशी ते एकूण किती वेळ बोलले, हेही मोजलं. पाच मिनिटं भरली नाहीत, आणि त्यातलं एक विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर जळाला त्याबद्दल होतं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होतो आणि आठवड्याच्या सुट्टीला जुन्नर तालुक्यातल्या ओझरच्या अलीकडच्या आमच्या गावी येत असे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा कांदा करायचे आणि त्यांना दमा होता. थंडी पडून कांद्याची लागण सुरू झाली की दमा उचल खायचा. बाजाराच्या दिवशी ते एसटीनं जुन्नरला जात, पिशवी वाण्याकडं टाकत आणि सरळ पेठेतल्या हकिमाकडं जात.

मोजलं त्या दिवशी मी समोरच्या हॉटेलात बसलो होतो. दादांना ते ठाऊक नव्हतं. ते दुकानाच्या फळीवर मांडी घालून बसले होते आणि हसत होते. घरी दादा हसले तर काय झालं म्हणून आई चुलीपासून उठून बघायला यायची.

हकीम सत्तरीचे, किरकोळ अंगाचे, डोळ्यांत सुरमा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या जुन्नरचं. मागं भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर उर्दूत चिठ्ठी. दादा आले की ते विचारायचे, "काय बागाईतदार, श्वास कुठं ठेवून आले आज?"

"रानात राखणीला बसवलाय," दादा म्हणायचे.

हे रोजचंच असावं. दोघंही प्रत्येक वेळी नव्यानं हसायचे.

हकिमांचं दादांवरचं औषध म्हणजे मुख्यतः एक काळं बी. कलौंजी. यूनानी वैद्यकात माणसाला मिजाज, म्हणजे प्रकृती, असते तशी औषधालाही असते. दादांचा मिजाज बलगमी ठरला होता, म्हणजे थंड आणि ओला. कलौंजीचा गरम आणि कोरडा. सकाळी सात दाणे ठेचून मधातून, वर कोमट पाणी. पाच चालतील, सात चालतील, सहा चालणार नाहीत. आकडा विषम हवा. सर्दीला तेच बी मंद भाजून मलमलीच्या फडक्यात बांधायचं आणि हुंगत राहायचं. दाढ दुखली तर सिरक्यात उकळून चूळ. गुडघ्याला तेल. जास्त घेतलं तर मूत्रपिंडाला बाधतं, म्हणून बरोबर थोडा कतीरा डिंक. गरोदर बाईला अजिबात नाही. पैगंबरांनी या बियाबद्दल सांगून ठेवलंय की मृत्यू सोडून सगळ्यावर यात उतारा आहे, हे हकीम प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि पुढं आपल्या पदरचं जोडत, "मौतीचं खातं दुसऱ्याकडं आहे. तिथं माझी ओळख नाही."

सात दाणे मोजताना ते बोलत नसत. समोरचा बोलत असला तरी एक बोट वर करत. दाणे पुडीत पडले की मग, "हां, बोला."

हे सगळं दादा घरी येऊन सांगत नसत. ते आईला सांगत आणि मला आईकडून कळे. ज्या माणसानं माझ्या नोकरीत मी नेमकं काय करतो हे कधी विचारलं नाही, तो साठीला टेकल्यावर मिजाज, बलगम, तासीर असे शब्द शिकला होता आणि ते बरोबर वापरत होता. खिशात कायम फडक्याची पुरचुंडी. लागणीच्या सऱ्यांवरून चालताना मध्येच थांबून ती नाकाला लावायचे. वाकलेल्या बाया एकमेकींना म्हणायच्या, "बघ, म्हाताऱ्यानं अत्तर लावलं."

मी पुण्याच्या डॉक्टरला विचारून त्यांच्यासाठी तोंडात ओढायचा पंप आणला होता. कसा ओढायचा ते दोनदा दाखवलं. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि फळीवर आरशामागं ठेवला. दोन महिने तो तिथंच होता. प्रत्येक सुट्टीत मी आधी आरशामागं बघायचो.

एका सुट्टीत तो तिथं नव्हता. दादांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्यांनी माझ्यादेखत तो ओढला, मी दाखवला होता तसाच, दहा आकडे मोजून श्वास धरून. मला जो आनंद झाला तो मी दाखवला नाही. स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणालो, "शेवटी ऐकलं माझं."

आई भाकरी थापत होती. म्हणाली, "हकिमानी सांगितलं त्यांना. म्हणलं, पोरानं आणलंय ते पण घ्या, कलौंजीशी त्याचं भांडाण न्हाई. तवापासनं घेत्यात."

पुढं जे झालं त्याची सुरुवात या वाक्यापासून झाली. त्या दिवसापर्यंत हकीम मला नुसते नकोसे होते.

त्याच सुमारास पुरवणीसाठी जिल्ह्यातल्या जुन्या औषधोपचारांवर एक मालिका करायचं ठरलं. जुन्नरचे हकीम मी स्वतः मागून घेतले. वही घेऊन गेलो. मी कोणाचा मुलगा हे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि दोन तास बोलले. मी प्रश्न नीट विचारले. नाडी कशी पाहता, कोणत्या बोटानं, मिजाज कसा ठरवता, कलौंजीला अरबीत काय म्हणतात, यूनानीच्या पुस्तकांत काय. हब्बतुस्सौदा, शोनीज, सगळं लिहून घेतलं. मराठीत काय म्हणतात हे विचारलं नाही. निघताना पाहायला म्हणून थोडे दाणे मागितले. त्यांनी बोट वर केलं, सात मोजले आणि कागदात बांधून दिले.

घरी आलो. कांद्याच्या बियाला आमच्या भागात उळं म्हणतात. दादा ते घरीच धरत. डेंगळे, म्हणजे फुलोऱ्याचे गोंडे, वाळवून, चोळून, पाखडून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या डब्यात ठेवत. मी डब्यातलं चिमूटभर उळं एका तळहातावर घेतलं आणि हकिमांचे सात दाणे दुसऱ्यावर. दोन्ही काळी. दोन्ही कोनदार, खरबरीत. मी बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही मुठी मिटल्या आणि मला वाटलं, सापडलं. कांदा पिकवणाऱ्यांना त्यांचंच उळं पुडीत बांधून देतोय म्हातारा.

पक्कं करायला पुण्यात परतल्यावर ऑफिसजवळच्या किराणा दुकानात गेलो. लोणच्याच्या मसाल्याशेजारी बरणी होती. विचारलं, हे काय? दुकानदार म्हणाला, "कांद्याचं बी. हिंदीवाले कलौंजी म्हणतात." आमच्याकडं नियम होता, माहिती दोन ठिकाणांहून पक्की करायची. माझे डोळे एक, दुकानदार दोन. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे ज्याला ते ठाऊक होतं त्या माणसाकडं, मी गेलो नाही. गेलो असतो तर त्यानं काहीतरी सांगितलं असतं आणि मला ते मान्य करावं लागलं असतं.

लेख बरा झाला होता. त्यात हकिमांचा सुरमा होता, खण होते, मौतीच्या खात्याचा विनोद होता. दहाव्या परिच्छेदात एक वाक्य होतं: "ही कलौंजी म्हणजे दुसरे काही नसून कांद्याचे बी होय; आपल्याकडे ज्याला उळे म्हणतात तेच." लेखात कुठंही टीका नव्हती. ती या एका वाक्यात बसवली होती आणि ती कोणाच्या लक्षात येणार नाही याचीही काळजी घेतली होती. दादांच्या तेवढी येईल, असा हिशेब होता.

ती आली. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा लेख घडी करून त्यांच्या उशाशी होता. बाजाराचा दिवस होता आणि दादा घरी होते.

"जुन्नरला गेला नाहीत?"

"आता कशाला जायाचं?" ते म्हणाले. "घरात डबा भरून हाय."

आणि मग ते माझ्याशी बोलायला लागले. पेपर किती वाजता छापतात, बातमी कोण लिहितं, लिहिलेलं कोण तपासतं, चुकलं तर काय करतात. मी अंगणात बाजेवर बसून उत्तरं देत होतो. आईनं दोनदा चहा केला. मी घड्याळ पाहिलं तेव्हा पन्नास मिनिटं होऊन गेली होती. बोलताना ते मध्ये मध्ये थांबत, श्वास गोळा करत. मी ते पाहिलं. मी त्याची नोंद घेतली नाही.

एका जाणाऱ्याला हाक मारून दादांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं लिवलंय, बरं का. हकीम इतकी वर्सं आमालाच आमचं उळं देत व्हता. पोरानं वळखलं."

"मंग तुमी कसं न्हाई वळखलं, राव?" तो माणूस म्हणाला. "जन्म गेला कांद्यात."

"फडक्यात बांधून दिल्यावर कोन बघतंय," दादा म्हणाले.

त्यानंतरच्या सुट्ट्या मला चांगल्या आठवतात. पाच बाजार गेले, दादा एकाही बाजाराला जुन्नरला गेले नाहीत. प्रत्येक वेळी माझ्याशी बोलले, प्रत्येक वेळी थोडं कमी वेळ. ते गप्प होत चाललेत की त्यांना बोलवत नाहीये, हा फरक मी केला नाही. डब्यात भरून असलेल्या त्या उळ्याचं ते काय करतात, हेही विचारलं नाही.

सहाव्या आठवड्यात ऑफिसात एक पोस्टकार्ड आलं. आंबेगाव तालुक्यातून, अवसरी खुर्दच्या एका शेतकऱ्याचं. अक्षर वळणदार. लेख आवडला असं लिहिलं होतं. पुढं प्रश्न होता: "आईस दम्याचा त्रास आहे. यंदा घरचे उळे शिल्लक नाही. दुकानातील डब्यातले आणले आहे, त्यास लाल पावडर लावलेली असते. ते तीन पाण्याने धुऊन दिले तर चालेल काय? कृपया कळवावे."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मी ते वाचून दाखवलं. तो हसला. मीही हसलो. मग मला कळलं की त्या माणसानं माझं वाक्य अगदी बरोबर वाचलं होतं. ते हकिमाला उघडं पाडण्यासाठी लिहिलंय, हे फक्त मला ठाऊक होतं. छापलेल्या वाक्याचा अर्थ एवढाच होता, की दम्यावर उळं घ्या. आणि घरात डबा भरून आहे, हे दादा म्हणाले होते.

पोस्टकार्डाखाली गावातल्या पतपेढीचा फोन नंबर होता. तिथं फोन लावला. देऊ नका, ती पावडर विषारी असते, लाल काय आणि साधं काय, काहीच देऊ नका, असं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "अजून दिलं न्हाई, सायेब. तुमच्या उत्तराची वाट बघत व्हतो." मी खाली जाऊन मिळेल त्या एसटीत बसलो.

दुपारी तीनच्या सुमाराला घरी पोचलो. दादा ओट्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढं वाकून बसले होते. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती. मांडीवर पुरचुंडी. मी ती उचलून हुंगली. भाजलेल्या कांद्याचा उग्र वास आला. आत उळं होतं.

"पंप कुठाय?"

आई म्हणाली, "तो त्यांनी तवाच ठिवला. हकिमाचं सगळंच सोडलं म्हनाले."

पंप आरशामागं होता. मी आणलेला पंप या घरात हकिमाचा म्हणून जमा झाला होता, आणि हकिमावरचा विश्वास मी मोडला तेव्हा तोही त्याच्याबरोबर गेला होता. मी तो हलवून दादांच्या तोंडाला लावला. दोन वेळा ओढल्यावर त्यांना तीन शब्द बोलता आले.

"तुझंच घेतोय," ते म्हणाले. "लिवलंय तसं."

शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, तोंडावर वाफेचा मास्क लावला. डॉक्टरांनी विचारलं, औषध कधीपासून बंद केलं? दादांनी मास्कच्या वरून माझ्याकडं पाहिलं आणि आठवत नाही अशी मान हलवली. ते मला सांभाळून घेत होते. डॉक्टरांना मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जुन्नरला गेलो. हकिमांनी खुर्ची पुसली नाही, पण बसा म्हणाले. माझा लेख त्यांच्या गल्ल्याच्या फळीवर होता. मराठी ते वाचत नसत; कोणीतरी वाचून दाखवला असणार.

"बागाईतदार पाच बाजार आले नाहीत," ते म्हणाले. "मी मोजले."

माझ्यासारखंच आणखी कोणी मोजत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी काय झालं ते सांगितलं. लेखातली चूक, डबा, पुरचुंडी, दवाखाना. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आता श्वास कसा आहे?" आणि उत्तर ऐकून घेतल्यावर दुसरा, "पंप घेतात ना?"

मग त्यांनी एक खण ओढला, कलौंजीचे दाणे माझ्या लेखावर ठेवले, कागदाची घडी घातली आणि अंगठ्यानं दाबून रगडली. घडी उघडली. अक्षरांवर तेलाचा डाग उमटला होता.

"उळं आणलंय?"

माझ्या खिशात पुरचुंडी होतीच. त्यातलं चिमूटभर त्यांनी दुसऱ्या घडीत तसंच रगडलं. काळा भुगा झाला, झटकला. कागद कोरडा होता.

"हाताला लावून वास घ्या. ही मिऱ्यासारखी येते. ते तुमचं तुमाला माहीत." मग ते पहिल्यांदा थोडं हसले. "मसालेवाले हिला कांद्याचं बी म्हणतात, ती त्यांची जुनी चूक आहे. काळं दिसतं म्हणून म्हणतात. पण उळं कुणी म्हणालं नव्हतं. ते तुमी म्हणाले. कांदेवाल्याच्या पोराला उळं ओळखू आलं नाही, मियाँ?"

मी म्हणालो, "पाहिलं नीट."

"पाहिलं. चोळलं नाही."

एवढंच ते मला म्हणाले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या अंकात दुरुस्तीची चौकट आली. लेखात कलौंजी म्हणजे उळे असा उल्लेख होता, तो चुकीचा आहे. दोन्ही वनस्पती वेगळ्या आहेत. पेरणीचे बियाणे औषध म्हणून घेऊ नये, त्यास विषारी पावडर लावलेली असते. माझ्या नावाशिवाय, सातव्या पानावर, तळाला. तो अंक मी स्वतः गावी नेला आणि चौकट दादांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"म्हंजी हकीम खरा व्हता," ते म्हणाले.

माझ्या चुकीबद्दल ते काही बोलतील म्हणून मी थांबलो होतो. ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. एवढे आठवडे जे त्यांनी गमावलं होतं ते परत मिळालं होतं आणि तोंडावर तेच दिसत होतं. असं तोंड मी माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मीच त्यांना मोटारसायकलवरून जुन्नरला नेलं.

"काय बागाईतदार, श्वास कुठं ठेवून आले?"

"पेपरात छापायला दिला व्हता," दादा म्हणाले. "चुकीचा छापला."

दोघं इतके हसले की दादांना ठसका लागला. मी फळीच्या टोकाला बसलो होतो. मला हसू आलं नाही.

त्यानंतर एक प्रथा पडली. पुरवणीत माझा लेख आला की दादा तो जुन्नरला घेऊन जात, हकिमांना वाचून दाखवत आणि विचारत, "हे बरुबर हाय का?" लेख धरणावरचा असो, बिबट्यावरचा असो. हकीम ऐकून घेत आणि बहुतेक वेळा म्हणत, "असेल. पोरानं चोळून पाहिलं असेल." त्यांनी होकार दिल्यावरच दादा मला म्हणायचे, "तुझं ते आवाडलं."

दोन हजारच्या पुढच्या वर्षांत हकीम गेले. दुकान काही महिन्यांत बंद झालं. दादांचा पंप चालू होता, डॉक्टर चालू होते. पुरचुंडी तेवढी राहिली होती. ती करून द्यायचं काम मी मागून घेतलं. जुन्नरच्या ज्या अत्ताराकडून हकीम जडीबुटीचा माल घेत त्याच्याकडूनच कलौंजी आणली. कागदावर रगडली, डाग पाहिला. चोळून वास घेतला. मंद आचेवर भाजली, मलमलीत बांधली. सकाळचे सात दाणे मोजून पुड्या केल्या.

दादांनी पुरचुंडी नाकाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"कशी आहे?"

"हाय की."

"तीच आहे. त्यांच्याच ठिकाणची."

"व्हय," ते म्हणाले. मग पुडी उघडून दाणे बघत म्हणाले, "मोजताना बोलला व्हतास का?"

मोजताना आईनं काही विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. मी पुडी त्यांच्या हातातून घेतली, दाणे ताटलीत ओतले, एक बोट वर केलं आणि पहिल्यापासून मोजायला लागलो. दादा माझ्याकडं बघत नव्हते. ते वर धरलेल्या बोटाकडं बघत होते.